वाचकांचे प्रश्न : संथ गाडी, शहाणी लांडगी आणि घटत्या कसाची नाणी

‘स्पाइस अँड वुल्फ’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे पहिले काही भाग पाहून अनेक वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे तिलाच दिले आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथेची सुरुवात थोडक्यात सांगतो. क्राफ्ट लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी एका घोड्याच्या गाडीतून गावोगावी माल नेतो आणि विकतो. पास्लोए या गव्हाच्या गावाहून तो निघतो, तेव्हा त्याच्या गाडीत होलो लपून आलेली असते. दिसायला ती तरुण मुलगी आहे, परंतु तिला लांडग्याचे कान आणि शेपूट आहे, आणि शेकडो वर्षे त्या गावाच्या पिकाची काळजी वाहणारी लांडगी ती हीच. तिला उत्तरेकडच्या आपल्या मुलखात, योइत्सुला, परत जायचे आहे, आणि लॉरेन्सला वाटेत व्यापार करायचा आहे. इसुना हासेकुरा यांच्या ज्या कादंबरीमालेवर ही मालिका बेतलेली आहे, तिचा पहिला खंड २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मी तीन भाग पाहिले. दोघे गाडीत बसून बोलतात, खातात, पुन्हा बोलतात. काल्पनिक जगाची कथा म्हणून मोठ्या अपेक्षेने बसलो होतो, पण युद्ध नाही, जादू जवळजवळ नाही. पुढे वेग येणार असेल तर पाहीन. नसेल तर कृपया स्पष्ट सांगावे. (एक वाचक, नाशिक)

स्पष्टच सांगतो : आपल्याला अभिप्रेत असलेला वेग पुढेही येणार नाही. तरीही आपण थांबू नये असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. फिरत्या व्यापाऱ्याने एका गावी माल घेतला आणि दुसऱ्या गावी विकला, एवढ्यात सांगण्यासारखी गोष्ट नसते. गोष्ट असते ती या दोन गावांमधल्या दिवसांत. त्या दिवसांत पाऊस लागतो, माल भिजतो, समोरच्या शहरातला भाव कोसळतो, आणि गाडीवानाला यातले काहीही कळलेले नसते, कारण बातमीसुद्धा त्याच्याच वेगाने, घोड्याच्या पायांनी चालते. ज्या जगात बातमी एवढी हळू पोहोचते तिथे ती ज्याला आधी कळली तो श्रीमंत होतो आणि ज्याला चुकीची कळली तो बुडतो. त्यामुळे रस्त्यावरचा संथपणा हा कथेला दिलेला अवकाश नसून कथेतला धोकाच त्या संथपणात आहे. एकदा हे लक्षात आले की पावसात चर्चच्या आसऱ्याला थांबलेल्या लॉरेन्सला एक तरुण व्यापारी नाण्यांविषयी कानगोष्ट सांगतो, तो प्रसंग एखाद्या द्वंद्वाइतकाच ताणलेला वाटू लागतो.

राहिला प्रश्न त्या दोघांच्या बोलण्याचा. आपल्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. वरवर पाहणाऱ्याला दोन माणसे नुसती उभी असलेली दिसत, पण रुमालाखाली सौदा रंगात आलेला असे. होलो आणि लॉरेन्स यांचे संवाद असेच पाहावेत. ती खरोखर देवता आहे की नाही, तिला सोबत नेण्यात फायदा किती आणि चर्चच्या नजरेस पडण्याचा धोका किती, हे तो तोलत असतो. आणि हा माणूस आपल्याला विकून तर टाकणार नाही ना, हे ती चाचपत असते. दोघेही खरे बोलताना थोडे हातचे राखून बोलतात. लॉरेन्स वयाच्या अठराव्या वर्षापासून एकटा फिरत आहे आणि एकटेपणामुळे घोड्याशी बोलण्याची सवय त्याला लागली आहे, हे ध्यानात ठेवले तर त्याच्या उत्तरांआधीचे छोटे थबकणे ऐकू येते.

पहिले प्रकरण संपेपर्यंत आपण धीर धरावा. कातडी विकण्याच्या प्रसंगात लॉरेन्स नेहमीच्या पद्धतीने भाव ठरवत असताना होलो मध्ये बोलते आणि कातड्यांना लागलेल्या सफरचंदांच्या वासावरून त्यांची किंमत चढवते. गाडीत आधी सफरचंदे का दिसत होती, हे तेव्हा उमगते. तो प्रसंगही आपल्याला निर्जीव वाटला, तर मात्र ही मालिका आपल्यासाठी नाही असे मी निःसंकोच मान्य करीन. उलट ज्या ठिकाणी मालिका खरोखर पळते, म्हणजे शहराखालच्या भुयारी गटारांतला पाठलाग, तो माझ्या मते पहिल्या प्रकरणातला सर्वांत कच्चा भाग आहे. तिथे या कथेला स्वतःची चाल सापडत नाही.

आमच्या घरी हळदीची अडत आहे, त्यामुळे भाव, पट्टी, उधारी हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. तरीसुद्धा चांदीच्या नाण्यांचे प्रकरण मला नीट समजले नाही. नाण्यातली चांदी कमी होणार असेल तर शहाण्या माणसाने ती नाणी टाकून द्यावीत. मोठी पेढी ती गोळा का करते? (एक वाचक, सांगली)

हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी पहिले प्रकरण, म्हणजे साधारण पहिले सहा भाग, पाहिलेले नाहीत त्यांनी हे उत्तर तूर्त सोडून पुढे जावे, कारण यात प्रकरणाची उकल आली आहे.

प्रथम नाणे पाहू. चांदीच्या नाण्याची किंमत दोन गोष्टींवर उभी असते : त्यातला धातू, आणि ते पाडणाऱ्या राजाची पत. समजा जुन्या नाण्यात १० ग्रॅम चांदी आहे. राजाच्या खजिन्यात अशी १०० नाणी आली तर त्याच्याकडे १,००० ग्रॅम चांदी झाली. त्याने ती वितळवून, तांबे मिसळून, प्रत्येकी ८ ग्रॅम चांदीची नाणी पाडली तर १२५ नाणी होतात. त्याने १०० नाण्यांचे देणे १०० नव्या नाण्यांनी फेडले तर २५ नाणी हातात उरतात. हा नफा लोकांना कळेपर्यंतच टिकतो. कळल्यावर बाजार नव्या नाण्याचा भाव उतरवतो, आणि राजाची पत जाते ती वेगळीच. तरीही ज्याला आज पैशांची निकड आहे त्याला उद्याची पत दिसत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत १५४४ पासून नाण्यांतली चांदी इतकी घटवली गेली की नाणे झिजले की त्यावरच्या राजाच्या चेहऱ्याचे नाक तांबडे दिसू लागे, आणि लोकांनी त्याला तांबड्या नाकावरून नाव पाडले. जर्मन मुलखात १६१९ ते १६२३ या काळात अनेक टांकसाळींनी हेच केले, आणि तराजू घेऊन चांगली, जड नाणी वेचून बाजूला काढणाऱ्यांच्या तराजूच्या झुकण्यावरूनच त्या सगळ्या काळाला नाव मिळाले.

आता मालिकेतला डाव. तरुण व्यापारी झेरेन लॉरेन्सला सांगतो की एका चांदीच्या नाण्याचा कस वाढणार आहे, म्हणून आत्ताच ती नाणी साठवावीत. त्याच्या अटी अशा की फायदा झाला तर त्यात त्याचा वाटा, आणि तोटा झाला तर त्याच्यावर फारसा भार नाही. आपल्या घरी अडत असल्यामुळे ही अट ऐकताच आपल्या कपाळाला आठी पडली असेल, लॉरेन्सच्याही पडते. होलो नाणी वाजवून ऐकते आणि तिच्या लांडग्याच्या कानांना कस वाढत नसून उतरत असल्याचे कळते. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्यामागे सराफाचा हाच खरा व्यवहार आहे : चांगले नाणे दगडावर टाकले की स्वच्छ वाजते आणि भेसळीचे बद्द वाजते. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे निरनिराळे रुपये एकाच वेळी चालत आणि एकातून दुसऱ्यात जाताना सराफ बट्टा कापत असत. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो ते याच दुकानातून आले आहे. पाझियो शहरातल्या सराफाच्या दुकानाचे दृश्य मराठी वाचकाला परके वाटू नये ते यामुळेच.

मग घटणारे नाणे गोळा का करायचे, हा आपला प्रश्न. येथे आपण नाण्याकडे पाहू नये, राजाकडे पाहावे. वर सांगितलेला नफा राजाला तेव्हाच होतो जेव्हा जुनी नाणी त्याच्या हातात परत येतात. ती लोकांच्या घरांत आणि परक्या शहरांत विखुरलेली असतील तर वितळवायचे काय? ज्या पेढीने गाजावाजा न करता ती ढिगाने जमवली आहेत, तिच्याकडे राजाची गरज गहाण पडलेली असते. अशी पेढी राजाला म्हणू शकते की ही नाणी आम्ही देतो, पण मोबदला पैशांत नको. आम्हाला जकातीची माफी द्या, अमुक मालाच्या व्यापाराचा हक्क द्या. तंगीत असलेला राजा रोख देऊ शकत नाही, सनद मात्र सहज देतो, कारण तिची किंमत त्याला आज मोजावी लागत नाही. पेढीला तर नेमकी सनदच हवी असते, कारण ती वर्षानुवर्षे फळते. हेच काम तिने उघडपणे केले असते तर बेत फुटला असता, म्हणून खोटी बातमी पसरवून लॉरेन्ससारख्या लहान व्यापाऱ्यांकरवी नाणी जमू द्यायची, आणि कस उतरल्याचे कळून ते घाबरून विकू लागले की ती उचलायची, असा हा डाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हळद महाग होणार आहे असे सांगून गावोगावच्या लहान खरेदीदारांना माल भरायला लावायचा आणि मग पडत्या भावात त्यांच्या कोठारांवर जायचे, तसे.

हे सर्व मालिकेत झपाट्याने सांगितले जाते आणि पहिल्या पाहण्यात निसटते, हे मला मान्य आहे. माझे तर दोनदा पाहून समाधान झाले.

मालिकेच्या नावात मसाला आहे, पण आम्हाला गहू, सफरचंद आणि नाणी एवढेच दिसले. मसाला कुठे आहे? (एक वाचक, पणजी)

जपानी नावात क्रम उलटा आहे, आधी लांडगा आणि मग मसाला. मसाला दुसऱ्या प्रकरणात येतो, आणि तो म्हणजे मिरी. लॉरेन्स मिरी घेऊन एका पेढीत जातो तेव्हा तिथल्या काट्यावर काय घडते ते मी सांगणार नाही. ‘मापात पाप’ हे दोन शब्द मनात ठेवून ते दृश्य पाहावे आणि होलोचे लक्ष कशाकडे जाते ते टिपावे.

मिरीच का, याचे उत्तर आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे. मालिकेतले देश काल्पनिक असले तरी त्यांचा साचा मध्ययुगीन उत्तर युरोपचा आहे, आणि त्या युरोपात पोहोचणारी मिरी मुख्यतः मलबारची असे. अरबी जहाजांतून ती तांबड्या समुद्रापर्यंत, तिथून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे आणि मग आल्प्स ओलांडून उत्तरेला जाई. प्रत्येक हाताला आपला वाटा, म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचताना तिचा भाव आकाशाला भिडलेला असे. वजनाला हलकी, टिकाऊ आणि महाग असल्याने ती जवळजवळ चलनासारखी चाले. इ. स. ४०८ मध्ये व्हिसिगॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला तेव्हा त्याने मागितलेल्या खंडणीत सोन्यारुप्याबरोबर ३,००० पौंड मिरी होती. पुढे उत्तरेकडच्या हान्सा या व्यापारी संघाच्या शहरांत गब्बर व्यापाऱ्यांना लोक चिडून ‘मिरीची पोती’ म्हणत. मधले सर्व हात टाळून ही मिरी थेट मिळवावी या हव्यासातूनच पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५१० मध्ये त्यांनी आपले गोवे घेतले. लॉरेन्सच्या गाडीतले ते पोते मी पाहतो तेव्हा त्याच्या मागे असलेला हा लांबचा रस्ता मला दिसतो.

माझ्या बारा वर्षांच्या मुलाने ही मालिका पाहण्याचा हट्ट धरला आहे. चालेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

माझ्या मते अजून नको. पहिल्याच भागात होलो विवस्त्र रूपात दिसते. ते दृश्य लंपटपणाने रंगवलेले नाही, पण ते पुरेसा वेळ पडद्यावर आहे. शिवाय दोघांच्या थट्टेत प्रौढ सूर आहे आणि मद्यपान वारंवार आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे या वयात नाण्यांच्या आणि उधारीच्या चर्चेने मूल कंटाळेल आणि मालिका कायमची मनातून उतरेल. पंधरा-सोळाव्या वर्षी आपण शेजारी बसून पाहावी. व्याज, पत, वायदा यांविषयी बोलायला इतके चांगले निमित्त शाळेच्या पुस्तकात मिळणार नाही.

या नावाच्या दोन मालिका दिसतात. जुनी पाहावी की नवी? आणि जपानी आवाजात पाहावी की इंग्रजीत? (एक वाचक, सिंगापूर)

जुनी मालिका जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली आणि तिचे दुसरे पर्व २००९ मध्ये आले. त्यानंतर कथा तिथेच थांबली. नवी मालिका एप्रिल २०२४ मध्ये पासिओने या स्टुडिओने सुरू केली. तिने कथा पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि पहिल्या पर्वाला २५ भाग दिले. जुन्याचे दिग्दर्शक ताकेओ ताकाहाशी नव्यात मुख्य दिग्दर्शक आहेत, आणि लॉरेन्सला जुन फुकुयामा व होलोला आमी कोशिमिझु हेच आवाज सोळा वर्षांनी पुन्हा लाभले आहेत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण नव्या मालिकेतल्या होलोच्या आवाजात एक मुरलेपण आले आहे आणि शतके जगलेल्या पात्राला ते शोभते.

आपण नव्यापासून सुरुवात करावी. केविन पेन्किन यांचे संगीत नव्याला मोकळ्या माळरानाची हवा देते. जुन्या मालिकेतले रंग अधिक मातकट आणि उबदार आहेत आणि युजी योशिनो यांचे संगीत जत्रेतल्या वाद्यांच्या जवळचे आहे; नवी आवडली तर हिवाळ्यात एखाद्या आठवड्यात जुनी अवश्य पाहावी. आवाज मात्र जपानीच निवडावा. होलो स्वतःला ‘वाच्ची’ आणि समोरच्याला ‘नुशी’ म्हणते. ही जपानच्या एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) योशिवारा या गणिकावस्तीतल्या बोलीवर बेतलेली भाषा आहे. जुनाट, ऐटबाज आणि लाडिक या तिन्ही छटा त्यात एकदम येतात. इंग्रजी उपशीर्षकांत त्यातले फार थोडे उतरते. मराठीत कोणी कधी हे केलेच, तर पेठेतल्या जुन्या आजीची आणि बैठकीच्या लावणीची बोली त्याला एकत्र आणावी लागेल, आणि ते करून पाहावे असा मोह मला आहे.

आमच्या आजोळी, कोकणात, शेताला राखणदार मानतात. होलो तशीच वाटली. गव्हात राहणारा लांडगा ही लेखकाची कल्पना आहे की युरोपात खरोखर असे मानत? (एक वाचक, कोल्हापूर)

खरोखर मानत, आणि हे वाचून मला मालिकेइतकाच आनंद झाला होता. जर्मनीच्या आणि आसपासच्या खेड्यांत वाऱ्याने उभ्या पिकावर लाटा उठल्या की शेतकरी म्हणत, ‘लांडगा पिकातून चालला आहे.’ पहिल्या भागाच्या आरंभी गव्हाची कणसे डोलताना पास्लोएविषयी जे सांगितले जाते ते याच समजुतीचे रूप आहे. मुलांनी पीक तुडवू नये म्हणून आत लांडगा बसला आहे अशी भीती त्यांना घालत. कापणीत शेवटची पेंढी हाती येणाऱ्याला ‘तुला लांडगा मिळाला’ म्हणत आणि त्या पेंढीलाही लांडगाच म्हणत. मालिकेतही शेवटचा गहू कापणारा होलोला पकडतो असे मानून त्याला कोठारात बंद करण्याची प्रथा दाखवली आहे, आणि होलो त्या गोंधळातूनच निसटते. विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात अशा समजुती खेडोपाडी प्रश्नावल्या पाठवून गोळा केल्या. त्यांत ‘राय’ पिकातला लांडगा ठळक होता. ‘राय’ म्हणजे आपली मोहरी नव्हे, तर थंड मुलखातले गव्हासारखे धान्य.

आपल्या राखणदाराशी साम्य आहे तसा एक फरकही आहे. राखणदार बहुधा जागेचा असतो. झाड, बांध, पाणवठा यांच्याशी तो बांधलेला असतो. युरोपातला हा लांडगा धान्याच्या आतच राहतो आणि पीक कापले की शेवटच्या पेंढीत जाऊन बसतो. म्हणूनच होलोला गाव सोडता येते : गहू गाडीत आला की तीही येऊ शकते. ती का सोडते, याचे दुःख पहिल्या भागात फार थोड्या शब्दांत येते. गावकऱ्यांना शेतीच्या नव्या पद्धती गवसल्या आहेत आणि तिची गरज उरलेली नाही. एखाद्या वर्षी जमिनीला विश्रांती मिळावी म्हणून तिने पीक कमी येऊ दिले, तर लोक तिला लहरी म्हणतात. ज्या देवाला गाव विसरत चालले आहे त्या देवाच्या बाजूने ही गोष्ट सांगितली आहे, आणि आपण राखणदाराच्या गावातले असल्यामुळे ते आपल्याला आधी जाणवले असावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. पूर्व प्रशियातल्या एका गावी शेतातून लांडगा जाताना दिसला की लोक त्याची शेपटी पाहत. ती जमिनीला टेकत असली तर तो बरकत घेऊन आला म्हणून त्याचे आभार मानत, आणि उंच उचललेली असली तर त्याच्या जिवावर उठत. पिकाची सुफलता त्याच्या शेपटीत असते अशी ती श्रद्धा होती. गाडी हळूहळू चाललेली असते आणि होलो मागे बसून तासन्‌तास आपली शेपटी विंचरत असते, तिच्याविषयी कोणी वावगे बोलले तर फणकारते. ती दृश्ये आता पुन्हा पाहावीत.